सकाळी जाऊन संध्याकाळी परत: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘झाडीचा माणूस’ या नावानं लिहिणाऱ्या भाऊंना,

भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या पवनी या जुन्या गावाच्या एका दिवसाच्या सहलीवर मी पोस्ट लिहिली होती, तिच्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण लगेच दिलं असतं तर ते छापण्यासारखं नसतं. आता देते. आधी तुमचं लिहिणं जसंच्या तसं खाली ठेवते, नाहीतर उद्या म्हणाल की बाईंनी सोयीचं तेवढंच उचललं:

“मॅडम, सकाळी नागपूरहून निघून संध्याकाळी घरी पोचणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्याचा इतिहास सांगू नये. एसी गाडीच्या काचेतून दिसतो तो भंडारा जिल्हा नव्हे. गोसेच्या पाण्याचा फोटो टाकला, त्या पाण्याखाली कोणाची गावं गेली ते नाही लिहिलं. तलाव लिहिले, त्यावर जगणारे ढिवर नाही लिहिले. बस कोणती, जेवायचं कुठं, तेही नाही. अभ्यास करून लिहीत जा.”

(बाहेरच्या वाचकांसाठी: गोसे म्हणजे पवनीजवळचं वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण, आणि ढिवर म्हणजे मासेमारी करणारा समाज.)

बस आणि जेवण, मान्य. ते द्यायला हवं होतं, शेवटी देते. पाहा, मी हेकेखोर नाही.

आता गाडी. गाडी माझ्या दिराची, जुनी अल्टो, आणि तिचा एसी मागच्या उन्हाळ्यापासून बंद आहे. उमरेडच्या पुढं काचा खाली करून कोळशाच्या ट्रकांमागची काळी धूळ खात गेलो आम्ही. तुम्ही ती गाडी पाहिली नाही, आत कोण बसलं होतं ते पाहिलं नाही, तरी एसी तेवढा तुम्हाला दिसला. अभ्यासाचा सल्ला देणाऱ्यानं निदान एवढा तरी करावा.

पण मला खरं लागलं ते पहिलं वाक्य. सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचणाऱ्यांनी इतिहास सांगू नये. का बरं सांगू नये?

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, अड्याळच्या बाजूला. पवनीला जाणं म्हणजे सकाळच्या एसटीनं जाणं आणि दिवेलागणीला परत येणं. बाजार असो, तहसीलचा दाखला असो, वैनगंगेवर कोणाच्या अस्थी सोडायच्या असोत, सगळं त्याच एका दिवसात. मुक्काम व्हायचा तो लग्नाच्या जानवशात, नाहीतर बाळंतिणीजवळ. आयुष्यभर ते असेच गेले आणि आले. त्यांनी पवनी पाहिली नाही, असं त्यांना तोंडावर म्हणायची तुमची छाती झाली असती का? आपल्या जिल्ह्यातला निम्मा माणूस तालुक्याच्या गावी असाच जातो. हॉटेलात दोन रात्री काढून जिल्हा ‘अनुभवणारे’ असतात ते बाहेरचे. तुम्ही मला ज्या कारणानं उपरी ठरवलं, ते कारण तुमच्या शेजाऱ्याला आधी लागू पडेल. बघा विचारून त्याला.

आणि पवनी हे गावच एका दिवसात पायी फिरण्याजोगं आहे, म्हणून तर मी ते निवडलं. तीन बाजूंनी मातीचा जुना कोट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. दरवाजातून आत शिरलं की घाटापर्यंत वाट विचारावी लागत नाही, उतार सांगतो. दिवाण घाट, वैजेश्वराचं देऊळ, विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणपती, सगळं चालत. कोटावर उभं राहून एकीकडं खंदकातली झुडपं आणि दुसरीकडं कौलं पाहिली की गावाची अख्खी आखणी समजते. ती समजायला तिथं महिनाभर राहावं लागत नाही. डोळे उघडे ठेवून चालावं लागतं. मी सकाळी आठ वाजता कोटावर होते. तुम्ही त्या वेळी कुठं होता ते विचारत नाही.

अभ्यासाचंही बोलू, तुम्हीच काढलं म्हणून. पवनीतल्या जगन्नाथ टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप आहे, हे १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते काम केलं, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये निघाला. तो मी ग्रंथालयात बसून वाचला आहे. झेरॉक्स काढू देत नव्हते म्हणून वहीत उतरवून घेतला, आणि तिथल्या बाईंनी पंखा बंद केल्यावरही उतरवत बसले. स्तूपाच्या कठड्याचे दगड, त्यावर ब्राह्मीत कोरलेली दान देणाऱ्यांची नावं, फणा काढलेला मुचलिंद नाग, हे सगळं पोस्टमध्ये आलं ते त्या वहीतून. महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकाचा खांब, आणि भार घराण्यातल्या राजा भगदत्ताचा कोरीव लेखही पवनीचेच. ते मी मुद्दाम गाळले, कारण वाचक सहलीची पोस्ट वाचायला येतात, पेपर सोडवायला नाही. गाळलं म्हणजे माहीत नव्हतं, असा हिशेब तुम्ही कुठून काढला?

त्या टेकडीनंच तुमचं म्हणणं खोडून काढलं आहे, भाऊ. वर जगन्नाथाचं देऊळ. तिथं गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जात आली, नमस्कार करून खाली उतरत आली. जन्मापासून गावात राहणारी माणसं ती. पण पायाखाली काय आहे ते कुदळ लागली तेव्हाच कळलं. जवळ राहिलं की आपोआप कळतं, असं असतं तर उत्खननाची गरजच काय होती? तुम्ही जिल्ह्यात राहता, आनंद आहे. पण ‘आमच्या जिल्ह्याचा’ म्हणताना सातबारा दाखवल्यासारखं बोलू नका. माझंही नाव त्यावर आहे, आणि हवं तर तेही सांगते.

माझी आई लाखांदूर तालुक्यातली, कोहळ्यांच्या, म्हणजे तलाव बांधणाऱ्या शेतकरी समाजाच्या घरातली. आजाच्या गावाला मोठा तलाव आणि त्याच्याखाली दोन बोड्या, म्हणजे छोटी तळी. आम्ही मामाच्या गावी गेलो की पाळीवर खेळायचो. तलाव भरून सलंगवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी पडायला लागलं की गावभर आरडाओरडा व्हायचा आणि पोरं चढणीचे मासे पकडायला पळायची. धान निसवायला आलं आणि पावसानं दडी मारली की आजा तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची एकाखाली एक भोकं, उघडायला माणूस उतरवायचा. वरचं भोक आधी, पाणी खाली गेलं की त्याच्या खालचं. मग पाणकर, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, बांधीबांधीनं पाणी फिरवायचा, आणि कोणाच्या धुऱ्यावरून आधी जायचं यावरून जी भांडणं व्हायची ती मी कानांनी ऐकली आहेत. चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) गोंड राजानं म्हणे फर्मान काढलं होतं की जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. कोहळी त्याच बोलीवर तलाव बांधत गेले, असं आमच्या घरात सांगत. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळ्यानं बांधला, असं गॅझेटियरच सांगतं. म्हणजे आजाच्या नुसत्या गप्पा नव्हत्या.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्यांची गावमालकी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आता शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे खात्याकडं. कागदावर शेतकऱ्यांचा निस्तार हक्क, म्हणजे वहिवाटीनं पाणी वापरायचा हक्क, राहिला, पण गाळ उपसायला कोणी राहिलं नाही. बेशरमीच्या झुडपांनी काठ खाल्ला. आजा शेवटपर्यंत ‘आपला तलाव’ म्हणायचा आणि पावसाळ्याआधी स्वतःच्या खर्चानं पाळीवर माती टाकायचा, त्या मातीची पावती त्याला कोणी दिली नाही. हे सगळं पोस्टमध्ये नव्हतं. कारण मी पवनीबद्दल लिहीत होते, माझ्या आज्याबद्दल नाही. पण तुम्ही मला काचेतून पाहणारी म्हणालात, म्हणून घरचं काढावं लागलं.

राहिला ढिवरांचा मुद्दा. ढिवर मला ठाऊक आहेत. लहानपणी आमच्या दारात मरळ आणून द्यायचे, शिंगाड्याच्या दिवसांत शिंगाडे द्यायचे, आजी सुपानं धान घालायची. कधी कोणाची तक्रार ऐकली नाही. एका पोस्टमध्ये प्रत्येक समाजाचा उल्लेख करायचा म्हटलं तर कोष्टी राहिले, गोंड राहिले, पोवार राहिले, त्यांच्याही प्रतिक्रिया येतील. यादी करत बसू का?

गोसेखुर्दबद्दल एवढंच, की २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालेल्या धरणाचा प्रश्न सहलीच्या पोस्टमध्ये सुटत नाही. त्यावर पेपरांत भरपूर येतं. मला त्या दिवशी पाण्यावर चक्रवाक आणि तलवार बदकांचे थवे दिसले, मी त्यांचा फोटो टाकला. जे दिसलं ते लिहिलं. पाण्याखालचं दिसत नव्हतं. तुम्हाला त्यावर लिहायचं असेल तर लिहा, ब्लॉग फुकट काढता येतो.

खरं तर मला मुद्द्यांचा राग नाहीच. राग आहे तो ‘लिहीत जा’चा. हा सूर मी ओळखते. माझ्या पहिल्या नोकरीत एक साहेब होते, त्यांना बाईनं काहीही लिहून समोर ठेवलं की न वाचताच ‘अभ्यास कमी पडतो’ म्हणायची सवय. तुम्ही तसे असाल असं म्हणत नाही. पण याच ब्लॉगवर माझ्या एका मित्रानं नागझिऱ्यावर पाहुण्या लेखकाची पोस्ट लिहिली होती. तीही एका दिवसाची, आणि त्यात वाघाच्या पंजाच्या फोटोपलीकडं काही नव्हतं. तिथं तुम्ही लिहिलंत, ‘सर, छान माहिती’. मी आत्ताच जाऊन पाहिलं. अजून तिथं आहे.

तर आता कबूल केलेलं. नागपूरहून पवनी उमरेड-भिवापूरमार्गे ऐंशी किलोमीटरच्या आसपास, भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पन्नासच्या आत. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ ला बंद झाली, तेव्हा पवनी रोड स्टेशनच्या जुन्या आठवणींवर विसंबून निघू नका. दोन्हीकडून एसटी आहे. वेळा मी देत नाही, कारण त्या बदलतात आणि मग त्याचीही प्रतिक्रिया येते. परतीची शेवटची गाडी कोणती, ते बसस्थानकावर उतरल्या उतरल्या विचारून घ्या. जेवायला स्थानकाच्या आसपास साध्या खानावळी आहेत, वरणभात आणि तिखट रस्सा मिळतो. दीडनंतर गेलात तर जे उरलं असेल ते. पाण्याच्या बाटल्या सोबत ठेवा, टेकडीवर काही मिळत नाही. मार्चनंतर कोटावर उन्हात चढायला जाऊ नका, जायचं तर थंडीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची पोस्ट अंबागडावर आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजा खान पठाण यानं १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला, गायमुखच्या बाजूला. पावसाळ्यानंतर वरच्या वाटेवर झाडोरा किती माजला आहे, हे तुमसरकडच्या कोणी कळवलं तर बरं होईल. भाऊ, तुम्हीही कळवू शकता.