मुकुट देणाऱ्याचं पुढे काय झालं

मावसभाऊ लंडनच्या टॉवरमधला राजमुकुट बघून आला आणि सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'राजेशाही असावी तर अशी!' तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

दादा, चार्ल्स दुसरा याच्या 1661 च्या राज्याभिषेकाला तो मुकुट पुरवला रॉबर्ट व्हायनरने. आणि याच राजाने पुढे त्याला धुळीला मिळवलं.

वॉरिक गावचा हा मुलगा, लंडनला काकांच्या सोनारी पेढीवर शिकून मोठा झाला. तेव्हा लंडनचे सोनारच बँका चालवायचे. लोकांच्या ठेवी घ्यायच्या, राजाला कर्ज द्यायचं. 1666 मध्ये व्हायनर बॅरोनेट झाला, म्हणजे पिढीजात चालणारा किताब मिळाला. आणि 2 जानेवारी 1672 ला राजाने खजिन्यातून कर्जफेडच थांबवली. हॉलंडशी लढायचं होतं ना! व्हायनरचे 4,16,724 पौंड अडकले. कुठल्याही सावकाराचे अडकले नसतील एवढे. ठेवीदार कुणाच्या दारात उभे राहणार? राजाच्या?

मला आमचं अंगण दिसतं. बाबा छोटे कंत्राटदार. शाळेच्या दोन खोल्या बांधल्या, बिल पास झालं, पण 'फंड नाही'. चार वर्षं. गवंडी आमच्याच पायरीवर बसायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. आईच्या पाटल्या तेव्हाच गेल्या.

त्याच 1672 च्या मे महिन्यात व्हायनरने स्वखर्चाने राजाचा घोड्यावरचा पुतळा उभारला, टापांखाली राजेशाही उलथवणारा क्रॉमवेल. लोक याला लाळघोटेपणा म्हणतात. मी नाही म्हणणार. बिल अडकलेलं असताना बाबाही साहेबांच्या सत्काराला हार घेऊन गेले होते. घरी आल्यावर जेवले नाहीत.

हो, राजाकडून दहा टक्के घेऊन ठेवीदारांना सहा द्यायचे हे लोक, तेव्हा कमाईही दाबून केली. मान्य.

पण घराचे हाल बघा. बायको मेरी आधीची विधवा, तिची मुलगी ब्रिजेट मोठ्या इस्टेटीची वारस. बारा वर्षांच्या त्या पोरीचं कुणीतरी गुपचूप लग्न लावून टाकलं. व्हायनरला जावई हवा होता खजिनदार डॅन्बीचा मुलगा. त्या चोरट्या लग्नावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आणि शेवटी तिने डॅन्बीच्याच मुलाशी लग्न केलं, तेही चोरून. तिला काय हवं होतं, हे विचारलं असेल कुणी? 1684 मध्ये व्हायनरचं दिवाळं निघालं. 1688 मध्ये एकुलता एक मुलगा गेला, काही आठवड्यांत बापही.

इथपर्यंत लिहिताना डोळे भरून आले होते. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पोस्ट टाकवत नाही. 1665 मध्ये रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पीप्स व्हायनरच्या स्वेकलीजच्या वाड्यावर गेला होता. व्हायनरने त्याला एक पेटी दाखवली. आत एका काळ्या मुलाचा देह. क्षयाने गेलेला हा घरातला पोर, भट्टीत वाळवून ठेवलेला. पाहुण्यांना दाखवायला! पीप्सने रोजनिशीत हे लिहिलं, मुलाचं नाव लिहिलं नाही. मग कसली दया करायची मी या माणसाची? राजाने याला लुबाडलं, याने त्या लेकराला मरणानंतरही सोडलं नाही.

बाबांची वही अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक गवंड्याचं, पाणी वाहणाऱ्या बाईचंसुद्धा नाव, पुढे रक्कम, आणि पैसे दिले त्या दिवशी मारलेली आडवी रेघ. शेवटची रेघ बिल हातात पडायच्या दीड वर्ष आधीची आहे.