होकुसाईची लाट म्हणजे सुनामी नव्हे

‘दोनशे वर्षांपूर्वी होकुसाई या झेन साधूने सुनामी डोळ्यांनी पाहून रंगवलेलं चित्र. होडीतले लोक मरणापूर्वी प्रार्थना करताहेत. निळा रंग शुद्ध जपानी वनस्पतींचा. मूळ प्रत जगात एकच.’ होड्यांवर फणा काढून उभी राहिलेली निळी लाट आणि मागे फुजी पर्वत, अशा ‘कानागावाची महालाट’ या प्रसिद्ध जपानी चित्रासोबत हा मजकूर व्हॉट्सॲपवर किती दिवस फिरतोय! भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

सुनामीचं आधी घेतो, कारण ही चूक जिवावर बेतू शकते. भर समुद्रात सुनामी अशी फणा काढून उभी राहत नाही. तिथे ती इतकी बुटकी असते की जहाजावरच्या माणसाला कळतही नाही. ती वाढते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, आणि पुष्कळदा त्याआधी समुद्र दूरवर ओसरतो. २००४ साली कितीतरी ठिकाणी लोक तो उघडा पडलेला तळ बघायला पुढे गेले. सुनामी म्हणजे फेसाळ कमान असं मुलांच्या डोक्यात बसलं, तर ओसरलेलं पाणी बघून पळायचं त्यांना सुचेल का?

ज्युलियन कार्टराइट आणि हिसामी नाकामुरा या अभ्यासकांनी २००९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नेमकं याच लाटेवर लिहिलंय. होड्यांच्या लांबीवरून त्यांनी तिची उंची साधारण १० ते १२ मीटर काढली. निष्कर्ष असा, की ही खवळलेल्या समुद्रात अवचित उसळून कोसळणारी एखादी राक्षसी लाट आहे, सुनामी नाही.

प्रार्थनेची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त लागली. त्या जलद होड्या ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात पोचवणाऱ्या. प्रत्येकीत आठ-आठ जण ओणवे होऊन वल्ह्यांना बिलगलेत. ही कामावरची माणसं आहेत. हे चित्र ज्यातलं आहे ती ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ ही मालिकाच अशा माणसांनी भरलेली आहे: एका चित्रात भल्यामोठ्या पिंपात बसून काम करणारा कारागीर, दुसऱ्यात प्रचंड ओंडका कापणारे करवतवाले. मागे फुजी, पुढे पोटापाण्याची धडपड. त्यातले कष्ट पुसून तिथे साधू आणि प्रार्थना चिकटवायची, हे मला पटत नाही.

होकुसाई साधू नव्हता, पेशाने चित्रकार होता. हे चित्र १८३१च्या सुमारास आलं तेव्हा सत्तरीचा. एकच प्रत? अहो, हा लाकडी ठशांवरचा छापा आहे. चित्रकाराने रेखाटन करायचं, कोरणाऱ्याने चेरीच्या फळ्या कोरायच्या, छापणाऱ्याने रंग लावून कागद दाबायचा, आणि प्रकाशक निशिमुराया योहाचीने विकायचं. हजारो प्रती निघाल्या, सामान्य माणसाला परवडतील अशा दरात. शंभराहून अधिक आजही जगभर आहेत.

रंगाबाबत अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो: तपासणीत वनस्पतीची नीळ सापडलेली आहे. पण तिच्या जोडीला प्रशियन निळा आहे, जो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि व्यापाऱ्यांमार्फत जपानात आला. भाचीच्या प्रकल्पातलं ते पान मी बदलायला लावलंय. तुमच्याकडे हा मजकूर आला तर पुढे पाठवू नका.