जॉइन टेबलवर फिल्टर लावायला ओआरएम सोडावं लागत नाही

"मेनी-टू-मेनी नात्यात जॉइन टेबलच्या रकान्यावर फिल्टर लावायचा असेल तर ओआरएम बाजूला ठेवा, सरळ एसक्यूएल लिहा." इंदूरच्या आम्हा मराठी डेव्हलपर मंडळींत हा सल्ला बरेच दिवस फिरतो आहे. (एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा; ओआरएम म्हणजे ती न लिहिता प्रोग्रामच्या भाषेतूनच टेबलांशी बोलू देणारा थर. एका माणसाला अनेक समित्या आणि एका समितीत अनेक माणसं, असं नातं म्हणजे मेनी-टू-मेनी, आणि दोघांना जोडणारं मधलं टेबल म्हणजे जॉइन टेबल.) नव्याने कामाला लागलेली मुलंमुली तो पाठ करूनच येतात, म्हणून हे लिहितोय. कारणं तीन सांगतात: ओआरएमला जॉइन टेबल दिसत नाही, निकाल चुकीचे येतात, आणि हाताने लिहिलेलं एसक्यूएल जलद चालतं. माझं रोजचं काम जँगोवर, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर, तेव्हा उत्तरही मुख्यतः त्यातलंच.

पहिलं कारण, "दिसत नाही". थ्रू ही सोय जँगोत १.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. मधल्या टेबलाला स्वतःचं मॉडेल, म्हणजे कोडमधलं रूप, दिलं की त्याचा कुठलाही रकाना फिल्टरमध्ये लिहिता येतो. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये यासाठी व्हेअरपिव्हट आहे, एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएममध्ये असोसिएशन ऑब्जेक्ट. रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कमध्ये हॅज-अँड-बिलाँग्ज-टू-मेनी हा नात्याचा प्रकार घेतला असेल तर तक्रार रास्त आहे, कारण तिथे मधल्या टेबलाला मॉडेलच नसतं. तिथे हॅज-मेनी-थ्रू घ्यावं.

दुसरं कारण, "चुकीचे निकाल". यात मी स्वतः पोळलोय. आमच्या गणेशोत्सव मंडळासाठी मी स्वयंसेवकांची नोंद ठेवणारं ॲप केलं. एकीकडे स्वयंसेवक, दुसरीकडे समित्या आणि मध्ये 'नेमणूक', तिच्यात वर्ष आणि भूमिका. २०२३ च्या समितीप्रमुखांची यादी काढली, सगळ्यांना निरोप गेले आणि संध्याकाळी एका काकूंचा फोन आला: "अरे, मी यंदा नुसती पंगतीत वाढायला आहे. प्रमुख होते ते २०१९ साली!"

मी लिहिलं होतं:

फिल्टर(नेमणूक__वर्ष=२०२३).फिल्टर(नेमणूक__भूमिका='प्रमुख')

एकापुढे एक लावलेले दोन फिल्टर म्हणजे नेमणुकीच्या टेबलाला दोन वेगळे जॉइन, म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या. काकूंची एक ओळ २०२३ ची निघाली, दुसरी प्रमुखपदाची, आणि दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. हवं होतं हे:

फिल्टर(नेमणूक__वर्ष=२०२३, नेमणूक__भूमिका='प्रमुख')

एकाच कंसातल्या अटी एकाच ओळीला लागतात. जँगोच्या दस्तऐवजात हे स्पष्ट दिलंय. हाताने एसक्यूएल लिहितानाही तेच टेबल दोनदा जोडलं असतं तर काकू यादीत आल्याच असत्या.

नावं दुबार येतात, हीही तक्रार असते. एकच माणूस त्या वर्षी दोन समित्यांचा प्रमुख असेल तर जॉइनमधून दोन ओळी येणारच, मग एसक्यूएल कुणीही लिहिलेलं असो. दुबार ओळी गाळणाऱ्या डिस्टिंक्टने काम भागतं, पण मला एक्झिस्ट्स जास्त पटतं: "अशी नेमणूक आहे का?" एवढंच ते विचारतं, ओळी वाढवत नाही. जँगो ३.० पासून ते थेट फिल्टरमध्ये देता येतं.

एका ठिकाणी मात्र सल्ला देणाऱ्यांची भीती खरी आहे. एक्सक्लूडमध्ये, म्हणजे अटीत बसणाऱ्यांना वगळताना, दोन अटी एका कंसात लिहिल्या तरी त्या एकाच ओळीला लागतील असं नाही. "२०२३ मध्ये प्रमुख नव्हते ते" असं विचारलं तर २०२३ मध्ये साधे सदस्य आणि २०१९ मध्ये प्रमुख असलेल्या काकूही गळतात. तिथे एक्झिस्ट्सच्या आधी नकाराची खूण (~) लावायची.

याच्या शेजारचाच एक घोळ: स्वयंसेवक गाळले म्हणून त्यांच्या नेमणुका गाळल्या जात नाहीत. त्या यादीतल्या कुणाच्याही नेमणुका मागितल्या की सगळ्या वर्षांच्या येतात. त्यासाठी प्रीफेच ऑब्जेक्टला (संबंधित ओळी आधीच आणून ठेवणारी सोय) २०२३ पुरती वेगळी क्वेरीसेट, म्हणजे जँगोतली क्वेरी, द्यावी लागते.

तिसरं कारण, वेग. ओआरएमही शेवटी डेटाबेसला एसक्यूएलच पाठवतो. क्वेरीसेटची क्वेरी छापा आणि एक्सप्लेन (डेटाबेस ती कशी चालवेल ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) जँगो आपणहून इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, करतो, पण वर्ष आणि भूमिका या जोडीचा इंडेक्स तुम्हालाच लिहावा लागतो, आणि बहुतेक वेळा अडतं तिथेच. लाखो ओळींच्या वस्तू (ऑब्जेक्ट) बनवण्याचा खर्च खरा आहे, पण त्या न बनवता नुसती मूल्यं देणारं व्हॅल्यूज वापरलं की तोही बराच उतरतो.

समितीखाली उपसमिती, तिच्याखाली आणखी एक, अशी कितीही खोल उतरंड एका फटक्यात हवी असेल, तर जँगोत तशी अंगची सोय नाही. तेवढ्यापुरतं एसक्यूएल मीही हातानेच लिहितो.