ऑल्ड्समोबिलच्या डिझेल ब्लॉकवर बसलेला शिक्का

जुन्या अमेरिकी गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. ऑल्ड्समोबिलने १९७८ ते १९८५ या काळात विकलेले ५.७ लिटरचे व्ही-८ डिझेल इंजिन म्हणजे त्यांचे ३५० क्यूबिक इंची पेट्रोल इंजिनच होते, ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा) कच्चा असल्यामुळे ते फुटत असे, आणि म्हणून त्याच कंपनीच्या जुन्या कटलस गाडीसाठी मोठे पेट्रोल इंजिन बांधताना तो ब्लॉक घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे ते विधान.

त्याच्या पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०५७ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३.३८५ इंच आहे, आणि सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, धरणाऱ्या बोल्टांची मांडणीही तीच आहे, कारण कारखान्यातली तयार यंत्रे तशीच वापरायची होती. ब्लॉक मात्र नव्याने, जाड ओतलेला आहे, आणि क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा दांडा) ज्या गोल भागांवर ब्लॉकमध्ये टेकून फिरतो, ते मेन जर्नल पेट्रोल इंजिनात २.५ इंचांचे असताना डिझेलमध्ये ते ३ इंचांचे आहेत. नुसते पेट्रोल इंजिन उचलून डिझेलवर चालवले असते, तर हा फरक आलाच नसता.

ब्लॉक कच्चा होता म्हणून इंजिने फुटली, हा दावा मात्र कार्यकारणाची गल्लत करतो. या डिझेलचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, २२.५:१ होते, आणि तो दाब पेलण्याची जबाबदारी पेट्रोल इंजिनाप्रमाणेच दर हेडला दहा बोल्टांवर टाकलेली होती. बोल्ट ताणले जात, हेड आणि ब्लॉकमधले गॅस्केट जाई, आणि कूलंट सिलिंडरमध्ये उतरे. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन जागीच अडे आणि त्याचा फटका पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला व क्रँकला बसे. भरीला इंधनातले पाणी वेगळे करणारा सेपरेटर कंपनीने दिलेलाच नव्हता, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजून निकामी होत. म्हणजे दुखणे हेडच्या सांध्यात आणि इंधनाच्या वाटेवर होते. त्याच ब्लॉकवर ९.५:१ किंवा १०:१ कॉम्प्रेशनचे पेट्रोल इंजिन उभे केले, की बोल्टांवरचा तो भार राहत नाही. गंमत अशी, की बोल्टांच्या मांडणीतली जी काटकसर डिझेलच्या मुळावर आली, तीच बांधणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण पेट्रोल इंजिनाची हेड त्यावर बसतात.

ब्लॉक निरुपयोगी आहे, या निष्कर्षाला सर्वांत सरळ उत्तर मोजपट्टी देते. ऑल्ड्समोबिलच्या १९६५ ते १९६७ मधल्या ४२५ क्यूबिक इंची बिग-ब्लॉकचा (कंपनीच्या मोठ्या आकाराच्या व्ही-८ चा; ३५० हे लहान, स्मॉल-ब्लॉक घराण्यातले) क्रँक पोलादी, फोर्ज केलेला आहे, त्याचा स्ट्रोक ३.९७५ इंच आहे आणि त्याचे मेन जर्नलही ३ इंचांचेच आहेत. तो डिझेल ब्लॉकमध्ये बसवला, तर मूळ बोअरवरच ४११ क्यूबिक इंच, म्हणजे सुमारे ६.७ लिटर मिळतात, बोअर ४.१२५ इंचांपर्यंत वाढवला, तर स्मॉल-ब्लॉकच्या आकारात पूर्ण ४२५. पेट्रोल ३५० चा ब्लॉक २.५ इंची जर्नलसाठी कोरलेला असल्याने हा क्रँक त्यात आहे तसा बसत नाही.

तरीही या ब्लॉकचे काही चाहते 'क्रँक टाका आणि निघा' असे सांगतात, तेही खरे नाही. क्रँकची काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारी वजने, लेथवर घासून लहान करावी लागतात. त्याचे रॉड जर्नल, म्हणजे जिथे कनेक्टिंग रॉड बसतात ते भाग, २.५ इंचांचे, तर स्मॉल-ब्लॉकच्या रॉडला लागते २.१२४ इंच, म्हणून बरेच जण ते घासून २.२ इंचांवर आणतात आणि शेवरोलेट बिग-ब्लॉकच्या मापाचे रॉड लावतात. उंचीचा हिशेब तर टाळताच येत नाही. ब्लॉकची डेक उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतचे अंतर, ९.३३ इंच, त्यातून अर्धा स्ट्रोक आणि ६ इंचांचा रॉड वजा केला, तर रॉडला जोडणाऱ्या पिनपासून माथ्यापर्यंत पिस्टनला १.३४ इंच उरतात, जिथे मूळ स्ट्रोकला १.६४ मिळत होते. म्हणजे पिस्टन वेगळे करून घेणे आलेच. शिवाय ३ इंची जर्नलचा पृष्ठभाग तेवढ्याच आरपीएमला २.५ इंचीपेक्षा एक पंचमांश अधिक वेगाने फिरतो, त्यामुळे चढ्या आरपीएमवर पळवण्यासाठी इंजिन हवे असेल, तर तेलाच्या पुरवठ्याचा विचार आधी करावा. माझ्या मते ही जुळणी खालच्या आरपीएमवर भरपूर टॉर्क हवा असणाऱ्याचीच आहे.

ज्याला ३५० क्यूबिक इंचच पुरेसे आहेत, त्याने या भानगडीत पडूच नये. जड ब्लॉक वाहण्यात त्याचा काहीच फायदा नाही. बाकीच्यांनी ब्लॉकवरची ओतीव अक्षरे आधी पाहावीत. सुरुवातीच्या ब्लॉकवर 'डी' असते आणि १९८१ पासूनच्या सुधारित ब्लॉकवर 'डीएक्स'; दुसरा मिळाला तर तोच घ्यावा. कूलंट शिरून अडलेल्या इंजिनातून आलेला ब्लॉक असेल, तर मेन बेअरिंगच्या आडभिंतींना तडे आहेत का, हे मशीनशॉपमध्ये चुंबकीय तपासणीने पाहून घ्यावे, आणि बोअर वाढवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजून घ्यावी.