ती चार माणसं कोणती, तेही ऐका

'अनुभवी वाचक' यांस,

नमस्कार. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर मन कसं सावरलं यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून बसले होते. पण तुमच्या प्रतिक्रियेला आणखी सात जणांनी लाइक दिलंय, म्हणजे आता गप्प बसले तर ते सगळं मला कबूल आहे असाच अर्थ होईल. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी इथे देते:

"लेख वाचून हसू आलं. घरात करायला चार माणसं असली आणि पेन्शन चालू असली की सकारात्मक राहायला काय जातं? माझे वडील तुमच्यापेक्षा जास्त हसतमुख होते, तरी ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी गेले. मग त्यांचा विचार कमी पडला म्हणायचं का? सहा आठवड्यांत छातीचं हाड जुळतं हे चूक आहे, तीन महिने लागतात. मेथी-पालक खायला सांगून लोकांना मारू नका. तुमच्यासारखे लोक लिहितात आणि आमच्यासारखे भोगतात."

आधी सुराबद्दल बोलते. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. चुकीचं उत्तर देणारं मूल आणि उर्मट उत्तर देणारं मूल यांतला फरक मला पाठमोरी उभी असतानाही कळायचा. चुकणाऱ्याला मी कधी रागावले नाही. तुमची सुरुवातच 'हसू आलं' इथून आहे. एका बाईच्या छातीचं हाड करवतीने कापलं, हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवलं, नवी झडप शिवली आणि हाड स्टीलच्या तारेने बांधून तिला घरी पाठवलं. त्यानंतरचे तीन महिने तिने लिहून काढले. त्यात हसण्यासारखं काय सापडलं?

आणि 'तुमच्यासारखे लोक' म्हणजे कोण? आपण कधी भेटलेलो नाही. मी नावानिशी लिहिते, त्या लेखात माझ्या टाक्यांचा फोटोसुद्धा आहे. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. नाव न लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या घरातली माणसं मोजू नयेत, असं मला वाटतं.

एक गोष्ट मान्य करते. हाडाबद्दल तुमचं बरोबर आहे. सहा ते आठ आठवड्यांत हाड जुळू लागतं, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने लागतात. मी स्वतः तीन महिने स्कूटीला हात लावला नव्हता, तरी लिहिताना 'सहा आठवड्यांत जुळतं' असं लिहून गेले. चूक माझी. हेच तुम्ही एका ओळीत, साध्या शब्दांत सांगितलं असतं तर मी आभार मानून मोकळी झाले असते.

आता त्या वाक्याकडे येते. 'घरात करायला चार माणसं.'

मोजूया. घरात मी. माझ्या सासूबाई, तेव्हा वय ८२, दोन्ही गुडघ्यांनी अधू. मुलगा पुण्याला, नोकरीला लागून सात महिने झालेले; त्याला बारा दिवसांची रजा मिळाली, त्यातले नऊ इस्पितळातच संपले. मिस्टर ऑपरेशनच्या चार वर्षं आधी गेले. झाली मोजून. शेजारच्या वहिनी सकाळी येऊन केर-लादी करून जायच्या. त्यांना धरायचं असेल तर धरा, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या त्यांच्या घरच्या होत्या, माझ्या घरच्या नव्हत्या.

पेन्शनचं म्हणाल तर तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. माझ्याकडे पेन्शन नव्हती, वैद्यकीय रजा होती. बिलाचे कागद ज्या कार्यालयात गेले तिथून पैसे चौदा महिन्यांनी आले, आणि मधल्या काळात पतपेढीच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापला जात होता. यातलं मी लेखात काही लिहिलं नाही, कारण तो लेख रडगाण्याचा नव्हता. लिहिलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं तुम्ही धरून चाललात.

तुम्ही भोगण्याचं म्हणता म्हणून जरा मागून सांगते. मी नऊ वर्षांची असताना घसा दुखून ताप आला, मग गुडघे आणि घोटे सुजले. आई म्हणाली, वाढीचं दुखणं असेल. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं आणि त्याची खूण कित्येकदा वर्षानुवर्षांनी दिसायला लागते. हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोकांत जुनं वचन आहे. मला चावलेलं कळलं ते पस्तिशीनंतर, शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला तेव्हा. आवळलेली झडप एकदा नळीतून आत नेलेल्या फुग्याने उघडून घेतली, त्यावर सतरा वर्षं निघाली. मग ती पुन्हा आवळली. निरोगी माणसाची मिट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते, माझी ०.९ उघडत होती. रात्री एक उशी पुरेना, दोन पुरेनात, शेवटी भिंतीला टेकून बसून झोपायचे. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खडू ठेवून खिडकीशी उभी राहायचे, मुलांना वाटायचं बाई बाहेर काहीतरी बघताहेत.

तर मुलगा पुण्याच्या गाडीत बसला त्या दुपारी घरात आम्ही दोघी. पंचवटीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन-अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही, खुर्चीतून उठताना हात टेकायचे नाहीत, कुशीवर वळायचं नाही. भरलेला कुकर अडीच किलोच्या वर जातो, हे मला त्याच आठवड्यात कळलं. बादलीचा तर प्रश्नच नाही. अंघोळीचं पाणी मी तांब्या-तांब्याने मोरीत नेलं. जेवणाचा डबा पोळी-भाजी केंद्रातून यायचा, तो मीठ कमी घालून द्या म्हणून रोज फोन. सासूबाई पलंगावरून म्हणायच्या, तू नुसतं सांग, मी करते. त्यांना उठायला दहा मिनिटं लागायची.

आणि दुपारी तीनला रडू यायचं. कारण काही नसायचं. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर अनेकांचं मन असं खचतं, ते घाबरण्यासारखं नसतं पण लांबलं तर डॉक्टरांना सांगायचं, हे मला इस्पितळातल्या सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी निभावले. रडायचे. साडेतीनला उठायचे आणि तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र तोंडाला लावायचे. दर तासाला दहा वेळा श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिला चेंडू वर जायचा, दुसरा अर्ध्यात लोंबकळायचा, तिसरा जागचा हलायचा नाही. मध्येच खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून धरायची, नाहीतर तारा आतून ओढल्यासारखं व्हायचं. तिसरा चेंडू हलला तो चोविसाव्या दिवशी. शाळेच्या सवयीने मी वहीत रकाने आखले होते: सकाळचं वजन, नाडी, चेंडू, पावलं, गोळी. त्या दिवशी रकान्यात तारीख लिहून खाली लाल पेनाने रेघ ओढली.

माझ्या लेखातलं 'सकारात्मक' ते हे आहे. तुम्ही त्याचा अर्थ हसणं असा घेतलात. मी दात दाखवत बसले नव्हते. ज्या तासाला काहीच करावंसं वाटत नाही त्या तासाला रकान्यातलं काम करायचं, एवढंच मी लिहिलं होतं. ते करायला चार माणसं लागत नाहीत. उलट चार माणसं असती तर कदाचित मी केलंही नसतं, पडून राहिले असते.

रात्रीचं तर वेगळंच. माझी झडप धातूच्या कड्याची, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेल्या जातीची. आपल्या देशात तयार झालेली ही झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली. आत पॉलिथिलीनची चकती असते, ती प्रत्येक ठोक्याला कलते आणि परत बसते, दिवसातून लाखभर वेळा. घर शांत झालं की ऐकू येते. पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, तुझं घड्याळ उशीखाली राहिलंय का गं? तो आवाज ऐकत डोळे मिटायला मला सहा रात्री लागल्या. हा आवाज थांबला तर, हा विचार सोडून हा आवाज चालू आहे, हा विचार धरायला लागलेल्या त्या सहा रात्री. 'काय जातं' म्हणता ना? हे जातं.

चौथ्या आठवड्यात जिना. पाचव्यात काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापर्यंत. त्या पावसाळ्यात गोदेला पूर आला आणि सगळं नाशिक पाणी बघायला गंगेवर लोटलं, गोदेला आम्ही गंगाच म्हणतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलंय, यावर आम्ही पूर मोजतो. लहानपणापासून मी एकही पूर चुकवलेला नाही. नवव्या आठवड्यात मी हळूहळू चालत, गर्दीच्या मागे लांब थांबून, मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी बघून आले. बरोबर कुणी नव्हतं. घरी येऊन तिसरा मजला चढताना चार वेळा टेकले आणि सासूबाईंना म्हटलं, कमरेपर्यंत आहे. त्या म्हणाल्या, वाढेल. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी आजारी नाही.

मेथी-पालकाचं थोडक्यात सांगते, कारण इथे तुम्ही लेख नीट वाचलेलाच नाही. मी 'खा' लिहिलेलं नाही, 'दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खा' लिहिलंय. रक्त गोठू न देणारी आमची गोळी व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणून चालते आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासणीत आयएनआर या आकड्याने कळतं. पालेभाज्या एकदम जास्त खाल्ल्या तर आयएनआर उतरतो, एकदम बंद केल्या तर चढतो. धातूच्या मिट्रल झडपेसाठी मला तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. माझा एकदा १.६ झाला होता तो हिवाळ्यात, बाजारात मेथीची जुडी स्वस्त झाली आणि घरात तीन दिवस मेथीच होती तेव्हा. हे सगळं लेखात आहे. ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, हेही आहे. तेव्हा 'लोकांना मारू नका' हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं. असला आरोप एकतीस वर्षांत माझ्यावर कुणी केला नाही.

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण 'त्यांचा विचार कमी पडला' असं मी कुठे म्हटलंय? एक ओळ दाखवा. फुप्फुस, किडनी, जंतुसंसर्ग, हृदयाची आधीची ताकद, किती गोष्टींवर ते सगळं ठरतं. त्यांच्या बाबतीत काय झालं हे मला माहीत नाही आणि त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. माझ्या लेखात मी माझ्यापुरतं लिहिलं. दुसऱ्याच्या दुःखाला त्यातून काय लागेल याचा हिशेब करत बसले असते तर एक अक्षर लिहून झालं नसतं. हा विषय मी इथेच ठेवते.

'तुमच्यासारखे लोक लिहितात आणि आमच्यासारखे भोगतात.' मी काय भोगलं ते वर आहे. आता तुमचंही लिहा, नाव लावून लिहा. वडिलांना कोणती झडप बसवली होती, घरी आणल्यावर कोण होतं, शेवटचे दिवस कसे गेले, जे सांगावंसं वाटेल ते. मी ते या ब्लॉगवर, माझ्या लेखाच्या शेजारी, एक शब्द न बदलता लावेन. हे रागाने म्हणत नाही.

लेखातलं सहा आठवड्यांचं वाक्य आज दुरुस्त केलंय. खाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिलं' असं लिहिलंय. नाव असतं तर नाव लिहिलं असतं. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही.

उद्या सकाळी आयएनआरसाठी रक्त द्यायचंय, रिक्षाने होळकर पुलावरून रविवार कारंज्याला जाऊन येईन. खड्डे आहेत म्हणून अजूनही छातीशी उशी धरूनच बसते. तुमचं उत्तर आलं असेल तर दुपारनंतर वाचेन.