पाऊस वर्षाचा मोजतो, पूर तासाभरात येतो

एप्रिल २०२४ मध्ये दुबई पाण्याखाली गेली तेव्हा आपल्या गोव्यातल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर होता: एवढ्याशा पावसात? आमच्याकडे तर जुलैत असा धो धो पडतच असतो! मला ते तेव्हाच खटकलं होतं. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या १६ एप्रिलला अल ऐनजवळच्या खतम अल शक्ला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. तिथं १९४९ पासून नोंदी आहेत, त्यातला हा सर्वांत मोठा. आणि त्या देशात अख्ख्या वर्षाला पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. माझा मावसभाऊ शारजात असतो. पाऊस थांबला, कडक ऊन पडलं, तरी त्याच्या इमारतीखालचं पाणी कित्येक दिवस हललं नाही, कारण त्याला जायला वाटच ठेवलेली नव्हती.

तो पाऊस मान्सूनचा नव्हता. थरचं वाळवंट मात्र आपल्याच मान्सूनचं शेवटचं टोक आहे. गोव्यात पाऊस ५ जूनच्या सुमारास येतो. जैसलमेरला पोचेपर्यंत जुलैचा दुसरा आठवडा उजाडतो, आणि १७ सप्टेंबरच्या आसपास तो देशात सर्वांत आधी तिथूनच माघारी फिरतो. जेमतेम सव्वादोन महिने. त्यातही मोजके दिवस. एखादा कमी दाबाचा पट्टा तिकडे वळला तर वर्षाचा पाऊस दोन दिवसांत, नाही वळला तर दुष्काळ. जैसलमेरची वार्षिक सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास आहे असं आपण वाचतो, पण तेवढाच पाऊस नेमका पडला असं वर्ष तिथं क्वचितच येतं. सरासरीवर विसंबून तिथं ना पेरता येतं, ना घर बांधता येतं.

ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरला तीन दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दुप्पट पाऊस झाला. कवास गाव बुडालं, जिल्ह्यात शंभरावर माणसं गेली. वाळूत पाणी मुरून जाईल असंच कुणालाही वाटेल, पण कवासच्या वाळूखाली जिप्समचा थर आहे. पाणी महिनोन् महिने तिथंच तुंबून राहिलं. आणि जिथं वाळू नाही, नुसता खडक किंवा उन्हानं टणक झालेली माती आहे, तिथं पाणी मुरायच्या आधीच धावत सुटतं. ना झाड, ना गवत, अडवणार कोण?

ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला अकरा पर्यटक वाहून गेले. ते उभे होते तिथं मोठा पाऊस नव्हताच, तो पडला होता कित्येक किलोमीटर वर. हे वाचताना मला आपला सत्तरी तालुका दिसतो. जुलै २०२३ मध्ये पाली धबधब्यावर गेलेली मंडळी नदी अचानक फुगल्यामुळे पलीकडेच अडकली, त्यांना दोर लावून काढावं लागलं. घाटमाथ्यावर काय कोसळतंय ते खाली पोहणाऱ्याला दिसत नाही.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणून आपल्याला पावसाची सवय आहे असं आपण धरून चालतो. ती सवय हंगामाची आहे, तासाभराच्या पावसाची नाही. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात डोंगर सुटले आणि घरं वाहून गेली, तेव्हा लोकांच्या लेखी पावसाळा संपत आला होता. २३ जुलै २०२१ ला म्हादई चढली, तेव्हा १९८२ नंतर असा पूर आला नव्हता असं सरकारच सांगत होतं. एवढ्या वर्षांत एक पिढी पूर न बघताच मोठी होते आणि नदीकाठी घर बांधते.

जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून खडीन बांधले. खडकाळ उतारावरून येणारं पाणी खाली मातीच्या लांब बांधानं अडवायचं, जमीन भिजू द्यायची, जादा पाणी सांडव्यावरून सोडायचं, आणि ओल धरलेल्या त्याच मातीत गहू-हरभरा पेरायचा. पाऊस कधी येईल माहीत नाही, पण आला तर कुठून येईल ते पक्कं माहीत. आपल्या खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातले, बांध आणि मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) याच जातीच्या शहाणपणातून आल्या. आज किती मानशींची दारं धड आहेत, तुमच्या गावात एकदा जाऊन बघा.

आमच्या गावचा व्हाळ, म्हणजे ओढा, मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो. साकवाखाली नारळाची सोडणं, झावळ्या, बाटल्या आणि कुणीतरी टाकलेली गादी अडकलीय. थोडं वर एका नव्या प्लॉटची दगडी भिंत थेट व्हाळाच्या पात्रात घुसलीय. वाळवंटातल्या कोरड्या नाल्यात तंबू ठोकणं आणि हे, यात मला काडीचा फरक दिसत नाही.

हवामान खात्याची आकस्मिक पुराची सूचना आता सहा तास आधी मिळू शकते. २०२० पासून ती व्यवस्था आहे. पण रात्री दोन वाजता ती व्हाळाकाठच्या म्हाताऱ्या जोडप्यापर्यंत पोचवणार कोण? त्यांच्याकडे साधा फोन, तोही उशाशी बंद. वाड्यावर दोन-तीन माणसं नावानिशी ठरलेली हवीत, ज्यांनी जाऊन दार वाजवायचं. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी माणूस पडतो, साठ सेंटिमीटरला गाडी तरंगत जाते; तेवढ्या खुणा रंगवलेला एक खांब प्रत्येक साकवापाशी लावायला खर्च तो कितीसा?

पुढच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागणार आहे: व्हाळाची मोजणी करून त्याच्या हद्दी दगड घालून दाखवा, ती भिंत कुणाच्या परवानगीनं उभी राहिली ते सांगा, आणि साकवाखालचा गाळ पहिल्या पावसाआधी काढा. आमच्या वाड्यावरचे जे हे वाचताय, त्यांनी रविवारी या. एकटीनं बोललं की पुढच्या बैठकीत बघू म्हणतात.