साडेचारांतला अर्धा

सोमालियाची पुंटलँड आणि जुबालँड ही घटकराज्ये केंद्र सरकारवर पुन्हा रुसली आहेत ही बातमी आमच्या कट्ट्यावर पोहोचेपर्यंत शिळी झालेली होती. तरी साताऱ्यातील या कट्ट्यावर सोमालिया हा विषय मात्र कधी शिळा होत नाही, कारण आमचे सुभेदार संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील भारतीय ब्रिगेडबरोबर १९९३-९४ मध्ये बायदोआ येथे होते आणि प्राध्यापकांनी त्या देशावर एकदा जाहीर व्याख्यान दिले होते. (त्या व्याख्यानात वकीलसाहेब झोपले होते की डोळे मिटून ऐकत होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही.)

"मूलतः," चष्मा पुसत प्राध्यापकांनी सुरुवात केली, "हा संस्थात्मक उभारणीचा प्रश्न आहे. सर्व घटकांना एका टेबलाशी बसवल्यावाचून राष्ट्रीय सलोखा संभवत नाही."

"बसवले होते की, सर," सुभेदार म्हणाले. "मार्च १९९३ मध्ये अदिस अबाबात १५ सशस्त्र गटांनी करारावर सह्या केल्या, त्यांत टोळीप्रमुख जनरल ऐदीदही होता. ५ जूनला राजधानी मोगादिशूत पाकिस्तानचे २४ सैनिक मारले गेले. पुढे १९९७ च्या आरंभी इथिओपियातच सोदेरे येथे बैठक भरली, तेव्हा २६ गट आले. देशात माणसे वाढली नव्हती, खुर्च्या वाढल्या होत्या. मशीनगन बसवलेली एक पिकअप गाडी, जिला तिकडे टेक्निकल म्हणतात, ती ज्याच्या दारात उभी तो गटाचा अध्यक्ष. आणि अध्यक्ष म्हटला की परदेशातील हॉटेलात त्याची खोली पक्की."

वकीलसाहेबांना यात लगेच वाटणीचा दावा दिसला. हुकूमशहा सियाद बारे जानेवारी १९९१ मध्ये राजधानी सोडून पळाला. त्याला पळवणाऱ्या पक्षाचे दोन पुढारी म्हणजे अली महदी आणि ऐदीद, दोघेही हाविये कुळाचे. तरी वर्ष संपण्यापूर्वीच एक शहराच्या उत्तरेला आणि दुसरा दक्षिणेला, मध्ये गोळीबाराची रेषा. "भाऊबंदकीला खंड वेगळा असला तरी कलम तेच," असे ते म्हणाले, आणि स्वतःच्या चुलत्याविरुद्धच्या बांधाच्या दाव्याकडे वळू लागले तेव्हा आम्ही त्यांना अडवले.

प्राध्यापकांनी मग केनियातील वाटाघाटींचा दाखला दिला. ऑक्टोबर २००२ मध्ये एल्डोरेट येथे सुरू झालेली आणि पुढे म्बगाथी येथे हलवलेली ती परिषद दोन वर्षे चालली, तिच्यातून संसद निघाली, अब्दुल्लाही युसूफ अध्यक्ष झाले; ही प्रक्रिया 'सर्वसमावेशक' होती, असे त्यांचे म्हणणे. 'सर्वसमावेशक' हा शब्द उच्चारताना ते नेहमी किंचित उभे राहतात.

"सोमालियाच्या अध्यक्षाची निवड नैरोबीत झाली, सर," सुभेदार म्हणाले, "कारण त्याला राजधानीत नेण्याची सोय नव्हती."

यानंतर सुभेदारांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९९३ च्या ज्या मार्चमध्ये अदिस अबाबात सह्या होत होत्या, त्याच मार्चमध्ये सोमालीलँडमधील, म्हणजे १९९१ मध्ये स्वतःला स्वतंत्र जाहीर केलेल्या उत्तरेकडील भागातील, बोरामा या गावी कुळांची दीडशे वडीलधारी माणसे बसलेली होती. ती जानेवारीत बसली आणि मे महिन्यात उठली. त्यांच्या खाण्यापिण्याचा भार मुख्यतः तिथल्याच लोकांनी उचलला. त्यांच्या रूढ कायद्याला हीर म्हणतात. त्यात एका पुरुषाच्या खुनाची भरपाई परंपरेने शंभर उंट धरतात, आणि ती भरपाई खुनी एकटा देत नाही, त्याचा गोतावळा देतो. साहजिकच पोराने बंदूक उचलली की पहिली धडकी त्याच्या चुलत्यांना भरते, कारण उंट त्यांच्या कळपातून जाणार असतात. अशा चुलत्यांनी केलेला समेट आणि टेक्निकलवाल्यांनी केलेला समेट यांत फरक पडणारच. बोरामात सोमालीलँडचे तेव्हाचे अध्यक्ष तूर यांना बाजूला सारून एगाल यांना अध्यक्ष निवडले गेले, आणि हा सत्तापालट गोळी न झाडता झाला.

"पण १९९४ मध्ये सोमालीलँडची राजधानी हर्गेसा पुन्हा पेटली," प्राध्यापक विजयी स्वरात म्हणाले, "आणि २०२३ मध्ये पूर्वेकडचे लास आनोद."

हे सुभेदारांनी नाकारले नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बायदोआत आमच्या ब्रिगेडने विहिरी खोदल्या. आम्ही परतलो, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये ऐदीदच्या लोकांनी ते गाव घेतले. हा गृहस्थ पूर्वी दिल्लीत सोमालियाचा राजदूत होता. बायदोआच्या लोकांना कोणत्या टेबलाशी बसवले होते, ते मला कोणी सांगितले नाही."

शांतता असह्य झाल्यामुळे प्राध्यापकांनी साडेचारचे सूत्र काढले. २००० सालच्या जिबूतीतील आर्ता परिषदेपासून रुळलेल्या या वाटपात चार मोठ्या कुळांना सारखा वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. प्राध्यापकांच्या मते हा राज्यशास्त्रातील अभिनव प्रयोग होता.

"त्यात अभिनव काय?" वकीलसाहेब म्हणाले. "आपल्या पेशवाईत साडेतीन शहाणे होते. नाना फडणवीस अर्धे, कारण त्यांना तलवार चालवता येत नव्हती."

"तिथेही तोच हिशेब," सुभेदार म्हणाले. "ज्यांच्याजवळ टोळी नव्हती, ते सगळे मिळून अर्धे."

"मग या कट्ट्यावर अर्धा कोण?" असे मी विचारायला नको होते. वकीलसाहेबांनी तत्काळ माझ्याकडे बोट दाखवले, मी प्राध्यापकांकडे दाखवले, आणि इतका वेळ मुकाट्याने कप विसळत असलेले टपरीवाले आबा पुढे आले.

"सुभेदारसाहेब, बोरामाचा खर्च गावाने केला, हे पटले," ते म्हणाले. "केनियातला तो परक्यांनी केला असेल. पण सरांच्या दिवाळीपासूनच्या चहाचा खर्च कोणी करायचा, तेवढे या परिषदेने ठरवून टाकावे."

"मूलतः," प्राध्यापक म्हणाले. पुढचे वाक्य हसण्यात कोणालाच ऐकू आले नाही, आणि आबांनी वही उघडून ठेवली.